वाचकांचे प्रश्न: चॅम्पियन गेला की पोरगा गेला, असं होऊ नये म्हणून

प्रश्न: दादा, नमस्कार. आम्ही कॉलेजचे 14 पोट्टे दर मार्चमध्ये अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलची, म्हणजे एनसीएएची, अंदाज स्पर्धा घेतो. मागच्या वर्षी फेरीनुसार 1, 2, 4, 8, 16 अन फायनलला 32 असे पॉइंट होते. सातव्या नंबरवरचा पोट्टा फक्त चॅम्पियन बरोबर निघाला म्हणून एकदम पहिला आला, बाकीच्यांनी तर आधीच पाहणं सोडून दिलं होतं. त्यात एकानं मॅच सुरू झाल्यावर कागदावर खोडून टीम बदलली, पानठेल्यावर भांडण झालं. यंदा सगळे म्हणून राहिले की 100-100 रुपये टाकू. काय करावं?
- एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर: भाऊ, भांडण खोडाखोडीवरून झालं पण खरं दुखणं पॉइंटात आहे. पहिल्या फेरीत 32 मॅच, प्रत्येकी 1 पॉइंट, म्हणजे एखाद्यानं सगळ्याच्या सगळ्या बरोबर सांगितल्या तरी 32, अन दुसऱ्याला एकट्या फायनलचे 32. लाखो लोक खेळतात तिथं हे खपून जातं, 14 जणांत नाही. 2, 3, 5, 8, 13, 21 असे लावून पाहा. फायनल मोठीच राहते, पण पहिल्या फेरीचे मिळून 64 होतात, मग ज्यानं सुरुवातीला डोकं लावलं त्याची मेहनत वाया जात नाही.

उलटफेराला बोनस द्याच, पण जपून. 64 टीमचे चार विभाग असतात, प्रत्येक विभागात 1 ते 16 मानांकन, 1 ची गाठ 16 शी, 5 ची 12 शी. पुष्कळ जण मानांकनातला फरक तसाच बोनस म्हणून देतात, मग 12 ला लावलं की 7 जास्तीचे, अन 12 वाले साधारण तीनात एकदा जिंकतातच, त्यामुळे सगळेच डोळे मिटून 12 लावतात आणि अंदाज राहतच नाही. सरसकट 2 बोनस पुरे. 16 नंबरवाल्याचं मात्र वेगळं. पुरुषांच्या स्पर्धेत 1985 ला 64 टीम झाल्या, तेव्हापासून 2025 पर्यंत 16 नं 1 ला दोनदाच हरवलं, 2018 मध्ये यूएमबीसीनं व्हर्जिनियाला 74-54 नं अन 2023 मध्ये फेअरली डिकिन्सननं पर्ड्यूला. असं कोणी आधी लिहून ठेवलं असेल तर त्याला 10 द्या, त्यानं ते कमावले.

आता वेळ. स्पर्धेच्या दिवसांत अमेरिकेचं पूर्वेकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं असतं. ड्रॉ तिकडं रविवारी संध्याकाळी निघतो, आपल्याकडं सोमवारची पहाट. 2011 पासून टीम 68 आहेत, त्यातल्या आठांच्या चार मॅच आधी होतात, त्या आपल्याकडं गुरुवारी सकाळी संपतात, तेव्हा कुठं 64 पक्क्या. पहिल्या फेरीची पहिली मॅच गुरुवारी रात्री साडेनऊच्या पुढं. म्हणून कागद गुरुवारी रात्री 8 ला बंद. पेनानंच भरायचा, पेन्सिल नाही, आणि 8 वाजता प्रत्येक कागदाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. गावात लाइन गेली, रेंज गेली, तरी 8 म्हणजे 8. नंतर कोणाच्या कागदावर खोडलेलं दिसलं तर फोटो उघडा, भांडायचं कामच नाही.

बरोबरी झाली तर फायनलचे दोन्ही टीमचे मिळून पॉइंट किती, हा आकडा आधीच लिहून घ्या. 2025 ला फ्लोरिडानं ह्यूस्टनला 65-63 नं हरवलं, बेरीज 128, त्याआधीच्या दोन्ही फायनलची 135.

पैसे अजिबात जमा करू नका. 100 च असले तरी तो जुगारच, आणि महाराष्ट्रात 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागतो, ऐन परीक्षेच्या दिवसात हे कायले पाहिजे? फायनल आपल्याकडं मंगळवारी सकाळी असते. ती झाली की येत्या रविवारी कोणाच्याही वावरात रोडगे अन वांग्याची भाजी ठेवा, कणीक, वांगी, गोवऱ्या सगळ्यांनी सारखं आणायचं, जिंकलेल्यानं पहिला रोडगा फोडायचा.