अनुभवापुढे ‘नाही’ लिहिण्याआधी

करिअरबद्दल बोलायला येणाऱ्या मुलामुलींची एक काळजी वारंवार ऐकू येते. शिक्षण झालंय, नोकरी कुठे केलेली नाही, मग बायोडाट्यात ‘अनुभव’ म्हणून लिहायचं काय? सोलापुरात हे विचारणारे बरेच जण रिकामे बसलेले नसतात. कुणी घरचं दुकान सांभाळतं, कुणी गणवेशाच्या शिलाईचा हिशेब बघतं, कुणी मागाच्या कारखान्यात राबतं. पगार हातात पडत नाही, म्हणून घरचे त्याला काम म्हणत नाहीत आणि हळूहळू मुलंही म्हणेनाशी होतात.

पूर्व भागातली एक मुलगी अशीच आली होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बी.कॉम. झालेली, घरी टॉवेलचे माग. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्स असिस्टंटची जागा निघाली होती. सायबर कॅफेतून टाइप करून आणलेल्या बायोडाट्यात जात, उंची, वैवाहिक स्थिती, छंद असं सगळं होतं आणि अनुभवापुढे ‘नाही’.

“मॅडम, लिहायला कायच नाही माझ्याकडं.”

“कारखान्याचा हिशेब कोण बघतं?”

“पप्पा बघतात. म्हणजे, लिहिते मीच.”

मग एकेक गोष्ट बाहेर आली. सूत आलं की बिलाशी वजन जुळवायचं. दर आठवड्याला प्रत्येक कामगाराचा माल मोजून मजुरी काढायची. 50 हजारांहून जास्त किमतीचा माल हैदराबादला निघाला की ई-वे बिल, म्हणजे मालाच्या वाहतुकीसाठी जीएसटीत लागणारं ऑनलाइन बिल, करायचं. टॉवेलचा एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठीचा मालाच्या वर्गवारीचा क्रमांक, 6302 तिला तोंडपाठ. जीएसटीआर-1 ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राची, मुदत 11 तारखेची, म्हणून त्याआधी विक्रीची सगळी बिलं सीएकडे पोचवायची. वसुलीसाठी तिकडच्या व्यापाऱ्यांशी फोनवर तेलुगूत बोलायचं तेही तिनेच. बायोडाट्यात भाषा मात्र तीनच: मराठी, हिंदी, इंग्रजी. “घरात बोलतो ती काय लिहायची?” असं तिनं विचारलं, तेव्हा मला खरंच वाईट वाटलं.

तिच्या भावाचा सल्ला वेगळा होता: ‘अकाउंट्स मॅनेजर’ लिही, पप्पांच्या सहीचं पगाराचं पत्र जोड. मी ठाम नाही म्हटलं. पगाराच्या पावत्या किंवा बँकेचं स्टेटमेंट मागितलं की असलं पत्र उघडं पडतं, आणि त्याबरोबर खऱ्या कामावरचाही विश्वास जातो. आम्ही सरळ लिहिलं: ‘कौटुंबिक यंत्रमाग व्यवसायात हिशेबाचं काम, विनावेतन’. खाली वर सांगितलेली कामं, एका ओळीत एक. कामगार किती, महिन्याला बिलं किती, हे आकडे तिनं घरी वह्या उघडून भरले. अंदाजाने एकही टाकू दिला नाही. संदर्भासाठी वडिलांऐवजी सीएंचं नाव दिलं, तेही त्यांना विचारून. जात, उंची, लग्न यांचा त्या जागेशी संबंध नव्हता, ते काढलं. तेलुगू अर्थातच आली.

सोबतच्या पत्रावर जास्त वेळ गेला. नेटवरून उतरवलेलं पत्र कुणाच्याही नावाने चाललं असतं. जाहिरातीत जीएसटीची माहिती आणि टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येणं मागितलं होतं, म्हणून तेवढ्यावरच लिहायचं ठरलं. तिला म्हटलं, आधी मराठीत लिही, मला सांगतेस तसं. इंग्रजी नंतर करू. जीएसटीचा भाग तिनं एका बैठकीत लिहिला. टॅलीपाशी अडली, कारण कोर्स झाला होता, पण घरी सगळं वहीत आणि एक्सेलमध्ये. तसंच लिहिलं. हे वाक्य पत्रात ठेवायला ती घाबरत होती, पण मला ते फार महत्त्वाचं वाटलं.

मुलाखतीला बोलावणं आलं. ई-वे बिलावर बराच वेळ प्रश्न विचारले आणि तिला उत्तरं आली. जागा मात्र टॅलीवर रोज काम केलेल्या दुसऱ्या उमेदवाराला मिळाली. त्यानंतर तिनं घरची बिलं टॅलीत घ्यायला सुरुवात केली. पुढच्या अर्जाच्या वेळी बायोडाटा तिनं स्वतःच बदलला, टॅलीची ओळ वर घेतली, आणि माझ्याकडे फक्त तारखा तपासायला पाठवला.