पासवर्ड लागतो, म्हणून निर्धास्त राहायचं?

प्रश्न : मॅडम, मी पाण्याच्या पंपिंग स्टेशनवर देखभालीचं काम पाहतो. आमची जुनी पीएलसी (पंप चालवणारा छोटा औद्योगिक संगणक) सिरीयल-टू-इथरनेट कन्व्हर्टरमार्फत, म्हणजे जुन्या सिरीयल तारेला नेटवर्कशी जोडणाऱ्या पेटीमार्फत, नेटवर्कला जोडलेली आहे. त्या कन्व्हर्टरच्या फर्मवेअरमध्ये (आतल्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘कमांड इंजेक्शन’चा दोष असल्याची सूचना आली आहे. पुरवठादार म्हणतो, ‘आधी लॉगिन करावं लागतं, काळजी नको.’ पंप बंद ठेवणं अवघड आहे. काय करू?

उत्तर : पुरवठादाराच्या या आश्वासनावर विसंबू नका.

तुमच्या कन्व्हर्टरच्या वेब पानावर बहुधा ‘पिंग टेस्ट’ची, म्हणजे दुसरं यंत्र नेटवर्कवर उत्तर देतं का ते पाहण्याची, चौकट असेल. अशा पेट्यांच्या आत बऱ्याचदा छोटं लिनक्स असतं. चौकटीत टाकलेला पत्ता ‘पिंग’ या शब्दापुढे चिकटवायचा आणि अख्खी ओळ शेलच्या, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, हाती द्यायची, असा सोपा मार्ग प्रोग्रॅमर घेतो. शेलला मात्र अर्धविराम (;) दिसला की एक आज्ञा संपली आणि दुसरी सुरू झाली, एवढंच कळतं. १९२.१६८.१.१० च्या पुढे अर्धविराम देऊन कुणी आणखी एक आज्ञा लिहिली, तर पेटी दोन्ही पाळते. हेच कमांड इंजेक्शन. वेब सर्व्हर रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकाराने चालत असेल, आणि तो बऱ्याचदा तसाच चालतो, तर त्या दुसऱ्या आज्ञेला काहीच वर्ज्य नसतं.

फर्मवेअर लिहीत होते तेव्हा मीही असंच एक पान लिहिलं होतं. बरोबर पत्ता, चुकीचा पत्ता, रिकामी चौकट, सगळं आम्ही तपासलं. अर्धविराम कुणीच टाकून पाहिला नाही. पुढे एका सहकाऱ्याने तो टाकला आणि पडद्यावर पासवर्डची फाइल उमटली. तोवर ती पेटी कितीतरी पॅनेलांत बसली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी आधी फक्त अर्धविराम अडवला. पण उभी रेघ, उलटं अवतरण, डॉलर-कंस, नवी ओळ या वाटा उघड्याच होत्या. शेवटी शेलच मधून काढला, पत्ता पिंगला थेट दिला आणि ० ते २५५ मधले चार आकडे व तीन टिंबं याखेरीज काहीही नाकारलं.

आता लॉगिनचं. कारखान्यातून आलेला पासवर्ड कित्येक ठिकाणी तसाच राहतो. शिवाय तुम्ही लॉगिन असताना त्याच ब्राउझरमध्ये एखादं घातकी पान उघडलं, तर काही पेट्यांत ते पान तुमच्या नावाने विनंती पाठवू शकतं. आणि साध्या लॉगिनने फक्त सेटिंग्ज हाती येतात. इंजेक्शनने अख्खी पेटी येते. मग तिच्यातून जाणारं मॉडबस, म्हणजे पीएलसीशी चालणारं संभाषण, वाचता येतं, बदलता येतं. १९७९ सालच्या या प्रोटोकॉलमध्ये पासवर्डची सोयच नाही. टाकीची खोटी पातळी तुमच्या स्क्रीनवर खरी म्हणून दिसू शकते.

२३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनच्या वीज कंपन्यांवर हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोरांकडे चोरलेले पासवर्ड होते. त्यांनी सबस्टेशनांतल्या अशाच कन्व्हर्टरांचं फर्मवेअर पुसून टाकलं. सुमारे सव्वादोन लाख ग्राहकांची वीज गेली, आणि ब्रेकर (वीज तोडणारे-जोडणारे मोठे स्विच) लावायला माणसांना जागेवर जावं लागलं.

पंप न थांबवता आजच करण्यासारखं बरंच आहे. पेटीचं वेब पान इंटरनेटवरून उघडतं का ते पाहा. राउटरवर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून थेट पेटीपर्यंत येण्याची वाट) असेल तर काढा. ते पान फक्त देखभालीच्या लॅपटॉपवरून उघडेल असा फायरवॉलचा नियम लावा. पेटीला स्वतःहून बाहेर जोडणी करू देऊ नका. पासवर्ड बदला, टेलनेट (दुरून आज्ञा देण्याची जुनी, असुरक्षित सोय) बंद करा.

फर्मवेअर बदलताना कन्व्हर्टर काही मिनिटं बंद राहील. पीएलसीचा प्रोग्रॅम पीएलसीतच चालतो, म्हणून पंप सहसा चालू राहतो. पण टाकीच्या पातळीचा सिग्नल किंवा एखादा इंटरलॉक (धोका दिसला की पंप रोखणारी अट) याच जोडणीवरून येतो का, हे ड्रॉइंगमध्ये आधी बघा. येत असेल तर त्या वेळी टाकीजवळ वॉकीटॉकी घेऊन माणूस उभा करा. सेटिंग्जचा बॅकअप घ्या, नवं फर्मवेअर आधी स्पेअर पेटीवर चढवा, आणि दोष कोणत्या आवृत्तीत दुरुस्त झाला ते पुरवठादाराकडून लेखी घ्या.