शेवटच्या घडीला कागद फाटतो!

प्रश्न: दिवसभर स्क्रीनसमोर बसून डोकं जड होतं म्हणून कागदाची फुलपाखरं करायला घेतली, पण शेवटी कागद फाटतोच, रिलॅक्स व्हायचं सोडून चिडचिडच होते. काय चुकतंय?

उत्तर: कागद जाड असणार तुमचा. 15 सेंमीचा पातळ चौकोन घ्या, दोन्ही कर्ण दुमडून उघडा, कागद उलटा करून मधोमध आडवी घडी घाला, मग बाजू आत ढकलल्या की त्रिकोण होतो. वरच्या थराचे दोन्ही कोपरे टोकाकडे वळवा, पालथं करा आणि आता ते टोक लांब कडेच्या जरासं पलीकडे जाईल असं दुमडायचं, इथेच फाटतं बघा, कारण आपण नखाने दाबून सगळं सपाट करायला जातो. तसं नका करू, कागद थोडा फुगलेला राहू दे, टोक कडेवरून मागे अडकवा नि मधोमध दुमडा, पंख उचलले जातात.

जाडच कागद हवा असेल तर जपानचे कागदाच्या घड्यांचे कलाकार अकिरा योशिझावा करायचे तसा किंचित ओलसर करून घ्या. तरी नाहीच जमलं तर दोन चौकोनांना पंख्यासारख्या चुण्या पाडून मधे दोरा बांधा, खरं सांगू, मला तेच जास्त आवडतं, हात चालू राहतो आणि डोकं अजिबात लावावं लागत नाही.