ग्रुपवर गप्प बसलेली मैत्रीण

ताई, आम्ही चौघी कॉलेजच्या मैत्रिणी, पन्नाशी ओलांडलेल्या. ऑक्टोबरात फ्लोरेन्सला जायचं चाललंय. ठाण्याची मैत्रीण रोज नवा प्लॅन टाकते, आठ दिवसांत रोम, फ्लोरेन्स, पिसा, व्हेनिस, मिलान. पुण्याच्या मैत्रिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. कोल्हापूरची मैत्रीण पहिल्यापासून 'तुम्ही ठरवाल ते' एवढंच म्हणते. फक्त एकदा तिने लिहिलं होतं, 'तिथे राजाराम महाराजांचं स्मारक आहे, ते बघू या.' त्यावर कोणीतरी हसण्याची इमोजी टाकली आणि विषय मागे पडला. आता विमानाचे पैसे भरायची वेळ आली तर तिचं उत्तरच नाही. तिच्या मिस्टरांचं दुकान बंद पडलंय हे मला माहीत आहे. 'ऑफर होती' असं सांगून तिचे अर्धे पैसे मी गुपचूप भरू का? की तिघीच जाऊ? सगळं मलाच बघावं लागतंय, वैताग आलाय.
– एक वाचक, नाशिक

तुमचा वैताग समजतो. चौघींची मोट बांधायची म्हणजे फोनाफोनीतच निम्मा जीव जातो. तरीही पैसे गुपचूप भरू नका. एक तर ते निभणार नाही. इटलीला जायला जो शेंगेन व्हिसा लागतो, त्याच्या अर्जात प्रवासाचा खर्च कोण करणार हे लिहावं लागतं आणि प्रत्येकीला आपापलं बँक स्टेटमेंट जोडावं लागतं. दुकान बंद पडलेल्या घरातल्या बाईला नेमकी त्या कागदाचीच धास्ती असू शकते. दुसरं असं, की ही ऑफर कुठली होती ते तिला आज ना उद्या कळणारच. मग तिकडे हॉटेलात बसल्यावर ती मेनूतला सगळ्यात स्वस्त पदार्थ शोधत बसेल आणि 'मला भूक नाही' म्हणेल. मदत करायचीच असेल तर उघड विचारा, आणि ती नाही म्हणाली तर ते नाही मनापासून मान्य करा.

पण पैशांपेक्षा मला ती इमोजी जास्त खटकली. सगळ्या चर्चेत तिने एकच गोष्ट मागितली होती आणि तिला साधं उत्तरही मिळालं नाही. तिच्या गप्प बसण्यामागे पैसे असतील, पण एवढंच असेल असं मला वाटत नाही.

आणि तिची मागणी हसण्यासारखी मुळीच नव्हती. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडचा दौरा करून परत निघाले होते. वाटेत फ्लोरेन्सला त्यांचं दुखणं वाढलं आणि ३० नोव्हेंबरला तिथेच त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. त्या गावाने हिंदू पद्धतीचा दहनविधी कधी पाहिला नव्हता, तरी खास परवानगी मिळाली आणि मुन्योने नावाचा ओढा आर्नो नदीला जिथे मिळतो त्या काठावर महाराजांना अग्नी दिला गेला. १८७४ मध्ये त्या जागी छत्री उभी राहिली. तिच्याखाली महाराजांचा रंगवलेला अर्धपुतळा आहे. जवळच्या मोठ्या पुलाचं नावही 'पोंते आल्लिंदियानो', म्हणजे त्या भारतीयाचा पूल. कोल्हापूरच्या माणसाला फ्लोरेन्सला जाऊन हे बघावंसं वाटणार नाही तर काय वाटेल? स्मारक कास्चिने बागेच्या पार पश्चिम टोकाला आहे आणि बाग तीन किलोमीटरहून लांब आहे. म्हणून त्यासाठी एक सकाळ मोकळी ठेवा आणि पुण्याच्या मैत्रिणीसाठी टॅक्सी करा.

आता ठाण्याचा प्लॅन. आठ दिवसांत पाच शहरं म्हणजे सामान बांधा, स्टेशन गाठा, पुढच्या हॉटेलची खोली मिळेपर्यंत बॅगा सांभाळत बसा. प्रत्येक मुक्कामाला अर्धा दिवस असा जातो, आणि तिकिटांचे पैसे वेगळेच. माझं स्पष्ट मत आहे की सहा रात्री फ्लोरेन्समध्येच राहा. रोमला उतरलात तर वेगवान रेल्वेने दीड तासात पोचाल. पिसा तासाभरावर आहे, ते एका दिवसात होतं. फ्लोरेन्सवर राज्य केलेल्या मेदिची घराण्यातल्या शेवटच्या आन्ना मारिया लुइसा यांनी १७३७ मध्ये करार करून ठेवला की घराण्याचा कलासंग्रह शहराबाहेर जायचा नाही. त्यामुळेच बोत्तिचेल्ली, मायकेलअँजेलो असे कलावंत सगळे चालत जाण्याच्या अंतरात भेटतात. मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा पाच मीटरहून उंच आहे. त्याच्या उजव्या हाताच्या फुगलेल्या शिरा जरा थांबून बघा. एका दिवसात तीन गोष्टी उरकायच्या असतील तर तेवढं बघणं व्हायचं नाही.

तिथल्या कॅथेड्रलवरच्या ब्रुनेलेस्कीच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही. गुडघेवालीला 'बघू, जमेल हळूहळू' असं म्हणून चढवू नका. दोघी वर जा, दोघी खाली कॉफी घ्या. कॉफी काउंटरपाशी उभं राहून घेतली तर स्वस्त पडते, पण तिला बसू द्या. पियात्साले मिकेलांजेलो या टेकडीवरच्या चौकात बस जाते. तिथून तोच घुमट चौघींना एकत्र बघता येईल. चौघींनी चोवीस तास एकत्र असलंच पाहिजे असा आग्रह धरू नका, त्यानेच निम्मी भांडणं होतात.

कामं आज वाटून टाका. ठाण्याच्या मैत्रिणीला प्लॅनिंगची हौस आहे ना, मग रेल्वे आणि तिकिटं तिच्याकडे. घुमटाची वेळ आधी ठरवून घ्यावी लागते, आणि उफित्झी व डेव्हिडचं अकादेमिया ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात, हे तिला सांगा. राहण्याची जागा पुण्याच्या मैत्रिणीने शोधावी, कारण जुन्या इमारतींत लिफ्ट आहे का हे तीच नीट विचारेल. स्वयंपाकघर असलेलं घर मिळालं तर सांत आम्ब्रोजोच्या बाजारातून भाजी आणून रात्रीचं जेवण घरीच होईल आणि खर्च बराच आटोक्यात येईल. बाहेर जेवलात तर रिबोल्लिता मागवा. पाव, पांढरे राजमे आणि कोबीसारखी पालेभाजी घालून शिजवलेलं ते दाट सूप आहे. आत मांस नाही ना, एवढं विचारून घ्या.

बजेट ग्रुपवर विचारू नका. प्रत्येकीला वेगळा फोन करा आणि 'यापेक्षा जास्त नको' असा एक आकडा घ्या. सगळ्यात कमी आकडा जो येईल त्यात सहल बसवा. तो कोणाचा होता हे कोणाला कळायचं कारण नाही. खोली, रेल्वे, तिकिटं यांची कॉन्ट्री काढा, खरेदी ज्याची त्याने.

पहिला फोन कोल्हापूरला. सुरुवात पैशांपासून करू नका. 'तू स्मारकाचं म्हणालीस तेव्हा आम्ही हसण्यावारी नेलं, चुकलंच आमचं. ती सकाळ तू ठरव,' असं म्हणा आणि मग तिला बोलू द्या. खर्चाचा विषय निघालाच तर तुमची मदतीची तयारी तिथे सांगा. आणि ती 'यंदा खरंच नको, तुम्ही जा' म्हणाली तर पुढच्या वर्षी जमेल का एवढं विचारा. बाकीच्या दोघींची थांबायची तयारी असेल तर सहल पुढे ढकला, नसेल तर तिघी जा, पण ते तिला आधी तुमच्याच तोंडून कळू दे. विमानाची तिकिटं या फोननंतर.