दोन प्रमाणपत्रांच्या मध्ये अडकलेल्या मुलीस

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे दोन्ही कागद वाचले. कामगार राज्य विमा योजनेच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी अंतिम प्रमाणपत्र देऊन तुला कामावर रुजू होण्यास मोकळे केले आणि कंपनीच्या डॉक्टरांनी एक्स-रेवरचा डाग पाहून, क्षयाची सहा महिन्यांची औषधे पुरी होईपर्यंत हजर करून घेऊ नये, असा शेरा मारला. त्यामुळे आजारपणाचा लाभ, म्हणजे आजारी असताना विम्याकडून मिळणारे पैसे, थांबला आणि पगारही सुरू झाला नाही. दोघांपैकी खरे कोण, असे तू विचारतेस. हा प्रश्न सोडून दे, नाहीतर तिसऱ्या डॉक्टरांची फी भरून तिसरे मत घेऊन घरी येशील.

मला आधी हे सांग, तू दिवसभर काय करतेस हे या दोघांपैकी कोणाला ठाऊक आहे? दोन्ही कागदांवर तुझी फुफ्फुसे आहेत, वायरिंग हार्नेसची, म्हणजे वायरींचे जुडगे जोडण्याची, लाइन कुठेच नाही. तुझे काम कागदावर लिहून काढ. किती तास उभी असतेस, रात्रपाळी कितीदा येते, बोर्डवर रंग पाहून वायरी कशा बसवतेस, क्रिंपिंग, म्हणजे वायरीच्या टोकाला धातूचे टोक दाबून बसवणे, कोण करते, हॉलमध्ये हवा खेळती आहे की बंदिस्त एसी, शेजारची बाई किती अंतरावर असते, हे सगळे लिही.

कारण सांगतो. तुझ्या गोळ्यांत इथॅम्ब्युटॉल आहे. काही थोड्या रुग्णांच्या डोळ्यांच्या नसेवर त्याचा परिणाम होतो आणि लाल-हिरव्यातला फरक कळेनासा होतो. त्याच गोळ्यांतल्या आयसोनायाझिडमुळे काहींच्या हातापायांना मुंग्या येतात. लाल आणि हिरवी वायर ओळखून बोटांनी बसवणाऱ्या मुलीला हे दोन प्रश्न कोणीतरी विचारायला हवे होते. ते विचारले गेले नाहीत, कारण काम कागदावर नव्हते. उलट ज्या डागावरून तुला अडवले, तो जुना व्रण आजार बरा झाल्यावरही एक्स-रेवर दिसू शकतो. औषधे लागू पडली की काही आठवड्यांतच संसर्गाची भीती पुष्कळ ओसरते आणि तुझा थुंकीचा अहवालही निगेटिव्ह आलेला आहे. म्हणून कंपनीच्या डॉक्टरांना लेखी विचार: या यादीतले नेमके कोणते काम मी करू नये आणि का?

तुला माझा हट्ट वाटेल. माझ्या छातीत पाणी झाले होते, त्यानंतर 'हलके काम द्यावे' एवढ्या तीन शब्दांवर मला टूलरूमच्या लेथवरून स्टोअरमध्ये पाठवले गेले. तिथे लोखंडी बार उचलून रॅकवर चढवायचे असत. लेथवर तेवढे वजन मी कधी उचलले नव्हते. मी दोन्ही खात्यांची कामे लिहून पर्सोनेल ऑफिसात देत राहिलो, साहेब मला आडमुठा म्हणत राहिले. बार उचलणे थांबले, पण लेथ परत मिळाला नाही आणि त्याची खंत अजून जात नाही. तरीही माझे वागणे बरोबरच होते. गप्प बसलो असतो तर त्या रॅकखाली पुन्हा आजारी पडलो असतो.

राजीनाम्याचा विचार तू पत्रात दोनदा लिहिला आहेस, त्याचा मला राग आला. साध्या आजारपणाचा लाभ वर्षात 91 दिवस, वेतनाच्या 70 टक्के असतो. पण क्षय हा वाढीव लाभाच्या आजारांत मोडतो आणि तिथे 80 टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. त्यासाठी लागणारी सलग दोन वर्षांची नोकरी तुझी झालेली आहे. कंपनीच्या डॉक्टरांनी लेखी कारण दिले तर ते घेऊन विमा डॉक्टरांकडे फेरतपासणी माग, आणि प्रकरण मेडिकल रेफरीकडे, म्हणजे अशा वादात तपासून मत देणाऱ्या विमा योजनेच्या डॉक्टरांकडे, पाठवण्याची विनंती कर. तोंडी शेऱ्यावर कोणीही काही करणार नाही, तूही करू नकोस.

या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडून रंगदृष्टी तपासून घे, त्यांनाही कामाचा कागद दाखव. गोळ्या एक दिवसही चुकवू नकोस. यादी लिहून झाली की मला पाठव; त्यात रात्रपाळी लिहायची राहिली असेल तर मी परत पाठवीन.

तुझा,
काका