नवी ऑटोमॅटिक, तीन आठवड्यांवर गणपती आणि डोक्यात न बसणारी बटणं

दादा, आधी अभिनंदन, पेढे बाकी आहेत हे लक्षात ठेवलंय. तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहिते म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना पण कळेल: खारघरला राहता, अकरा वर्षं जुनी मॅन्युअल हॅचबॅक देऊन ऑटोमॅटिक पेट्रोल एसयूव्ही घेतली, डिलिव्हरीच्या दिवशी हार-नारळाच्या गडबडीत शोरूमच्या मुलाने दहा मिनिटांत जे दाखवलं त्यातलं काहीच आठवत नाही, गाडी तुम्ही, वहिनी आणि ७१ वर्षांचे बाबा असे तिघं चालवणार, गणपतीला चिपळूणला जायचंय, गाडी मधेच बीप करते, सिग्नलला आपोआप बंद पडते, आणि काल पार्किंगमधे गाडीखाली पाणी दिसलं म्हणून झोप उडालीय. पाण्याचं शेवटी सांगते, तोवर धीर धरा.

मी राहते कासारवडवलीला, ऑफिस ऐरोलीला, म्हणजे रोज घोडबंदर रोड आणि मग कधी कळवा-विटावा तर कधी मुलुंडवरून ऐरोलीचा खाडीपूल. दोन वर्षांपूर्वी मी पण अशीच मॅन्युअलवरून ऑटोमॅटिकवर उडी मारली आणि पहिल्याच आठवड्यात ऐरोली पुलावर धो धो पावसात समोरची काच आतून अशी पांढरी झाली की पुढचा टेम्पो दिसेना, मी नॅपकिनने काच पुसतेय, शेजारी नवरा टचस्क्रीनवर बोटं मारत एसी शोधतोय, त्याने चुकून रेडिओ लावला आणि कोणीतरी आनंदाने जाहिरात वाचायला लागलं. बटण डॅशबोर्डवर समोरच होतं, पण आम्ही कधी हात लावून बघितलेलंच नव्हतं. म्हणून सांगते, सनरूफ, वायरलेस चार्जर, रंगीत लाईट हे सगळं तुम्हाला आपोआप येईल, नाही आलं तर मुलं शिकवतील. रस्ता नजरेआड न करता हात पोचायला हवा अशा डझनभर गोष्टीच शिकायच्या आहेत, आणि त्या चालत्या गाडीत नाही, उभ्या गाडीत शिकायच्या.

एक संध्याकाळ घ्या, तिघं गाडीत बसा, मोबाईल बाजूला. ब्रेक न दाबता स्टार्ट बटण दाबलं की इंजिन चालू होत नाही, फक्त डॅशबोर्ड उजळतो, तेवढं पुरतं. फार वेळ मात्र नको, बॅटरी उतरते, आणि बेसमेंटमधे इंजिन चालू ठेवून तर अजिबात बसू नका. आधी सीट लावा. ब्रेक पूर्ण दाबला तरी गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे आणि पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे, मग स्टेअरिंगच्या खालचा खटका सोडून ते वरखाली करून घ्या, मग आरसे. तिघांची उंची वेगळी म्हणजे हे दरवेळी करायचंच, बाबांना स्पष्ट सांगा की गाडी सुरू केल्यावर नाही, आधी. आतल्या आरशाखाली एक छोटा खटका असतो, तो ओढला की मागच्या गाडीचा अप्पर डोळ्यात मारत नाही, माझ्या ओळखीत वीस वर्षं गाडी चालवणाऱ्या दोघांना हे माहीत नव्हतं. (काही गाड्यांत आरसा आपोआपच काळसर होतो, तिथे खटका नसतो.)

मग डोळे मिटा आणि एकाने नाव घ्यायचं, दुसऱ्याने हात लावायचा. वायपर, वायपरचं पाणी, हॉर्न, डिपर, हझार्ड (चारही इंडिकेटर एकदम लुकलुकवणारं बटण), पुढच्या काचेची हवा, मागच्या काचेवरची वाफ घालवणाऱ्या तारा, चारही काचा. हसू येईल पण वहिनींना आणि बाबांना पण करायला लावा. इंडिकेटर कुठल्या हाताला आहे ते आधी बघा, आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत उजवीकडे पण फोक्सवॅगन-स्कोडा वगैरेंमधे डावीकडे, आणि सवय मोडेपर्यंत वळताना इंडिकेटरऐवजी कोरड्या काचेवर वायपर नाचतो. माझ्या दिराचा तीन महिने नाचत होता, उत्सव चौकातले रिक्षावाले ओळखायला लागले होते.

आता काचेवर जरा जास्त बोलते कारण आपल्या दमट हवेत हाच खरा प्रश्न आहे. काच आतून धुरकटली तर पुढच्या काचेचं चिन्ह असलेलं बटण, एसी चालू, आणि हवा आतल्या आत फिरवणारं बटण बंद म्हणजे बाहेरची हवा आत घ्यायची. लोकांना वाटतं पावसात बाहेरची हवा कशाला, पण चार माणसांच्या श्वासाची वाफ आतच फिरत राहिली तर काच साफ होणार कशी, आणि एसी बाहेरून घेतलेल्या हवेतलं पाणी काढूनच ती काचेवर सोडतो. दुसरा प्रकार उलटा. एसी फुल्ल थंड करून काचेवर सोडलाय, काच बर्फासारखी गार झालीय आणि बाहेरची दमट हवा तिच्यावर बाहेरून जमतेय. आतून कितीही पुसलं तरी जात नाही आणि माणूस घाबरून एसी अजून वाढवतो, मग अजून वाईट. बोट लावून बघा, ओल बाहेर असेल तर एकदा वायपर मारा, टेंपरेचर वाढवा आणि हवा काचेवरून काढून तोंडाकडे घ्या. हवा आत फिरवायचं बटण कधी लावायचं, तर तळोजा एमआयडीसीचा वास यायला लागला की, ट्रकच्या धुरामागे अडकलात की, कशेडीच्या बोगद्यात. बाहेर आलं की आठवणीने काढायचं.

दिव्यांचं पण असंच. पुढे दिवसा लागणारे पांढरे दिवे असतात ना, डीआरएल, ते लागले आणि डॅशबोर्ड पण उजळला की वाटतं लाईट चालू आहेत, पण बऱ्याच गाड्यांत तेव्हा मागचे लाल दिवे बंदच असतात. संध्याकाळी पाऊस आणि मागून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. एकदा वहिनींना मागे उभं करून प्रत्येक सेटिंगला मागे काय लागतं ते बघून घ्या. ऑटो मोडवर सोडलंत तरी दिवसाच्या जोराच्या पावसात दिवे आपोआप लागतीलच असं नाही, हाताने लावा. मागचा फॉग लाईट असेल तर त्याचं पिवळं चिन्ह ओळखून ठेवा, चुकून लागलेला लोकांना कळत नाही आणि मागच्याचे डोळे जातात. आणि पावसात हझार्ड लावून चालत्या गाडीने जाऊ नका प्लीज, घाटात सगळेच लावतात म्हणून सांगते, त्या लुकलुकीत तुम्ही वळताय की उभे आहात ते मागच्याला कळत नाही.

ऑटोमॅटिकचं आता. पहिल्या आठवड्यात डावा पाय क्लच शोधतो आणि त्याला मिळतो रुंद ब्रेक, तोही क्लचच्या जोराने दाबला जातो, गाडी जागेवर आपटते आणि मागची बाईक तुमच्या डिकीत. डावा पाय मुद्दाम सीटकडे मागे ओढून ठेवा, सवय होईपर्यंत. गाडी डी (ड्राइव्ह, म्हणजे पुढे जायचा गिअर) मधे टाकून ब्रेक सोडला की बहुतेक गाड्या आपोआप पुढे सरकतात, ट्रॅफिकमधे नुसत्या ब्रेकवर गाडी हलवता येते, पण सोसायटीत थांबून कोणाशी गप्पा मारताना डी मधे ठेवून नुसता पाय दाबून बसायचं नाही, पी (पार्किंग) टाका. चढावर पार्क करताना क्रम असा: ब्रेक दाबून थांबायचं, हँडब्रेक ओढायचा, मग पायाचा ब्रेक हळू सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर येऊ द्यायचं, परत ब्रेक दाबून मग पी. उलटं केलं तर सगळं वजन गिअरबॉक्समधल्या छोट्या खिट्टीवर येतं आणि पी मधून काढताना धाडकन आवाज येतो. बाबांना हे पारसिक हिलवर रविवारी सकाळी सातला करून दाखवा, चढ आहे आणि गर्दी नसते. हिल होल्ड असेल तर ब्रेक सोडल्यावर गाडी दोन-तीन सेकंदच धरून ठेवते, कायमची नाही. गायमुखच्या चढावर कंटेनरच्या मागे मी हे शिकले, मागे शाळेची बस होती, पुढचं सांगत नाही.

सिग्नलला इंजिन बंद पडतं ते बिघाड नाही, पेट्रोल वाचवायची सोय आहे, ब्रेक सोडला की परत चालू होतं. इंग्रजी ए आणि भोवती गोल बाण असं बटण असतं, नको असेल तर दाबा, पण बऱ्याच गाड्यांत दरवेळी स्टार्ट केल्यावर परत दाबावं लागतं. धोका एकच, आवाज बंद आहे म्हणून गाडी बंद आहे असं समजून बाबा तशीच सोडून उतरतील. उतरताना पी, हँडब्रेक आणि बटण दाबून डॅशबोर्ड काळा झालेला बघायचा, तीन गोष्टी, रोज.

बीपचं म्हणाल तर बहुतेक वेगाचा असणार. १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना हे सक्तीचं आहे, ८० च्या वर गेलं की अधूनमधून आणि १२० च्या वर गेलं की सतत वाजतो, शोरूममधे जाऊन बंद करा म्हणून भांडू नका, होणार नाही. पामबीचला वाजला तर तुम्हीच चुकलात, तिथे एवढा वेग चालतच नाही. दुसरा बीप बेल्टचा, शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली तरी वाजतो, तिला माणूस वाटतं. यावरून आठवलं, मागे बसणाऱ्यांनी पण बेल्ट लावायचा आहे, कायद्यात १००० रुपये दंड आहे पण दंडाचं सोडा, आईंना बकल कुठे लागतं ते आजच दाखवा कारण ती बकलं सीटच्या फटीत गेलेली असतात. नातू असेल तर मागच्या सीटच्या पाठ आणि बैठकीच्या फटीत दोन लोखंडी कड्या हाताला लागतील, त्या आयसोफिक्सच्या, मुलाची सीट तिथे अडकते. मागच्या दाराच्या कडेला चाइल्ड लॉकचा खटका असतो तो पण बघा, आमच्या नव्या गाडीत तो लागलेलाच आला होता, सासूबाई देवळासमोर पाच मिनिटं आतून दार ढकलत होत्या आणि आम्ही बाहेर चपला काढून त्यांची वाट बघत होतो.

स्टेअरिंग स्वतःहून ओढलं जातं असं वाटलं तर ते लेन सांभाळणारं फीचर, इंडिकेटर न देता लेन बदललीत की जागं होतं. अटल सेतूवर किंवा एक्सप्रेसवेवर ठीक, पण गोवा हायवेला जिथे जुने-नवे पट्टे एकमेकांवर आहेत आणि मधेच डायव्हर्जन, तिथे माझं मत सरळ आहे, बंद ठेवा. आपोआप ब्रेक लावणारं मात्र चालू राहू द्या, फक्त घोडबंदरला बाईकवाला समोर घुसला की ते एकदम ब्रेक मारू शकतं हे तिघांनाही माहीत हवं, नाहीतर माणूस दचकून स्टेअरिंग फिरवतो. जोरात ब्रेक मारल्यावर पॅडल पायाखाली थरथरलं तर तो एबीएस, म्हणजे चाकं लॉक होऊ न देणारी सोय, पाय उचलायचा नाही, दाबूनच ठेवायचा.

गावी निघायच्या आधी दोन-चार गोष्टी. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर हवेचा स्टिकर असतो, बहुतेक वेळा दोन आकडे, कमी माणसं आणि फुल्ल लोड. पाच माणसं, डिकीभर सामान आणि गणपतीचं मखर असेल तर दुसरा आकडा, टायर गार असताना. हवा भरल्यावर पण डॅशबोर्डवरचा टायरच्या हवेचा पिवळा दिवा जात नसेल तर मेनूमधे रीसेट करावं लागतं काही गाड्यांत. स्टेपनी, जॅक, पाना आणि गाडी ओढायचा हुक कुठे आहे ते डिकी रिकामी असताना बघा, मखराखालून शोधायची वेळ आणू नका. स्टेपनी बाकी टायरपेक्षा बारीक असेल तर तिच्यावर ८० लिहिलेलं असतं, वेग त्याच्या वर न्यायचा नाही. लाल दिवा म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, एवढंच बाबांना सांगितलं तरी पुष्कळ, त्यातही ऑइलचा आणि टेंपरेचरचा लाल दिवा लागला तर पुढच्या ढाब्यापर्यंत पण नाही, बाजूला घेऊन इंजिन बंद.

विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली साचतं तसं पाणी दिसलं आणि पुढच्या गाडीचं अर्धं चाक बुडताना दिसतंय तर जाऊच नका. गेलात आणि गाडी बंद पडली तर परत स्टार्ट मारू नका, पाणी इंजिनात खेचलं जातं आणि खर्च लाखात जातो, साध्या इन्शुरन्समधे तो सहसा मिळत नाही, इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागतं, पॉलिसी काढून बघा. आणि दारं अनलॉक करून, काच खाली करून लगेच बाहेर पडा. २६ जुलै २००५ ला गाडीत बसून राहिलेली माणसं आपल्या मुंबईत गेली आहेत, म्हणून काच फोडायची छोटी हातोडी मी दारातच ठेवते, डिकीत नाही. ती बाजूच्या काचेवर मारायची, पुढची काच फुटून पडत नाही.

चावीची बॅटरी संपली तर घाबरू नका, चावीच्या पोटात लोखंडी चावी लपलेली असते, तिने दार उघडतं, आणि बहुतेक गाड्यांत चावी स्टार्ट बटणाला टेकवून ब्रेक दाबला की गाडी चालू होते. ती लोखंडी चावी आज एकदा काढून बघा, माझं नख तुटलं होतं.

आणि ते पाणी. एसी लावून आलात ना काल? हवेतलं दमट पाणी एसीत थंड होऊन नळीतून खाली टपकतं, बहुतेक शेजारच्या सीटच्या बाजूला, पावसाळ्यात तर तळंच होतं. खाली पांढरा कागद ठेवा, साधं पाणी असेल तर झोपा. हिरवं, गुलाबी किंवा बोटाला तेलकट लागलं तर गाडी चालू न करता सर्व्हिसवाल्याला फोन करा.