विळी, पाटा आणि दारातून येणारा आडवा उजेड

तुमचा प्रश्न असा आहे: घरातल्या जुन्या, झिजलेल्या वस्तूंचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून पाहिले, पण ते भंगाराच्या दुकानातले वाटतात, मग इतरांना त्यात सौंदर्य दिसतं ते कसं?

मलाही पहिली दोनेक वर्षं भंगारच मिळत होतं. आमच्याकडे आजीची विळी आहे, आता आई वापरते. धार लावून लावून पातं मधोमध इतकं खाल्लं गेलंय की त्याची चंद्रकोर झालीय. लाकडी पाटावर पाय दाबून बसायची जागा तेवढी गुळगुळीत आणि काळीभोर, बाकी लाकूड खडबडीत. या विळीचा पहिला फोटो मी वरून, फ्लॅश मारून काढला. पंचनाम्यातल्या हत्याराचा असतो ना, अगदी तसा आला. तो काळा-पांढरा केला, तर काळ्या-पांढऱ्या पंचनाम्यातलं हत्यार झालं.

चूक रंगाची नव्हती, उजेडाची होती. झीज म्हणजे पृष्ठभागावरचे बारीक चढउतार. समोरून प्रकाश मारला की त्यांच्या सावल्या वस्तूच्या मागे लपतात आणि सगळं सपाट दिसतं. प्रकाश बाजूने, जवळजवळ जमिनीला घासत आला की प्रत्येक खड्ड्याला आपली सावली मिळते. हे मला पाट्यानं शिकवलं. मागच्या अंगणात पडून असलेला आमचा पाटा दुपारी बघाल तर नुसता काळा दगड. सकाळी ऊन कुंपणावरून तिरकं येतं तेव्हा कडेच्या टाकीच्या, म्हणजे छिन्नीने टोचलेल्या खुणा एकेक मोजता येतात. मधे, जिथे वरवंटा फिरायचा, तिथे त्या खुणा विरघळत जातात आणि शेवटी नुसता गुळगुळीत खोलगटपणा उरतो. किती चटण्या वाटल्या असतील याचा हिशोबच तो! पण ही गंमत जेमतेम वीस मिनिटं टिकते, मग ऊन वर चढतं आणि पाटा पुन्हा दगड होतो.

आता रंग का काढायचा? विळीच्या मागे निळं प्लॅस्टिकचं पिंप होतं. रंगीत फोटोत डोळा आधी पिंपाकडेच धावायचा. काळ्या-पांढऱ्यात पिंप गुमान करडं होऊन मागे बसतं. पण रंग गेला की आपोआप काहीतरी छान उरतं असं मात्र समजू नका. रंगीत फोटो करडा करायचं जे नेहमीचं सूत्र आहे, त्यात हिरव्याचा वाटा सुमारे ५९ टक्के, लालचा ३० आणि निळ्याचा ११ धरतात. त्यामुळे तांबूस गंज आणि त्याच्या शेजारचं लोखंड बऱ्याचदा एकाच करड्यात मिसळून जातात. झीज डोळ्यांना दिसत होती, फोटोत गायब! यावर उपाय असा की एडिटिंगमध्ये लाल आणि निळा वेगवेगळे कमी-जास्त करून बघायचे. निळ्यावर भर दिला की गंज काळा पडतो, लालवर दिला की उजळतो. फिल्मच्या काळात हेच काम लेन्सपुढे रंगीत काच लावून करायचे. मोबाइलवर आणखी एक गोष्ट करा: धातूच्या सर्वात चमकणाऱ्या जागी बोट ठेवा आणि उजेडाची जी पट्टी दिसते ती खाली ओढा. फोन अंधार उजळायला फार उतावळा असतो, आणि आपल्याला तर तो अंधार हवा असतो.

एक फजिती सांगतो. तांब्याच्या जुन्या घंगाळाचा फोटो काढायचं ठरवलं. त्यावर पाण्याच्या पातळीच्या रेषा, हिरवट डाग, कडेला पोचे. सकाळी उठून बघतो तर आईनं चिंच-मीठ लावून लख्ख घासून ठेवलेलं. "फोटो काढणारेस ना, मग असं कळकट कसं ठेवू?" तिचं काही चुकलं नव्हतं. पण भांड्यांच्या दुकानातलं घंगाळ आणि आमचं घंगाळ यांत आता काही फरक उरला नव्हता. पोचे तेवढे होते, त्यांच्यावर भागवलं.

मोठ्या फोटोग्राफरांचं काम बघायचं असेल तर जोसेफ सुडेक जरूर बघा. पहिल्या महायुद्धात त्यांचा उजवा हात गेला, आणि पुढे प्रागमधल्या आपल्या स्टुडिओच्या खिडकीत ठेवलेला पाण्याचा साधा पेला ते पुन्हा पुन्हा टिपत राहिले. आंद्रे केर्तेशनं १९२८ मध्ये थाळीच्या कडेवर टेकवलेला एक काटा आणि त्याची सावली, एवढ्यावर फोटो उभा केला. आणि भंगाराचंच म्हणाल तर अर्विंग पेननं १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची सिगारेटची थोटकं उचलून आणली आणि त्यांच्या मोठाल्या प्लॅटिनम प्रिंट (चांदीऐवजी प्लॅटिनम वापरून कागदावर छापलेले फोटो) काढल्या. हे फोटो बघताना वस्तूपेक्षा उजेड कुठून येतोय तेच शोधा. पुण्यात असाल तर केळकर संग्रहालयात एक दुपार घालवा. तिथले अडकित्ते आणि दिवे बघून कळतं की रोजच्या वापरातल्या वस्तूंवर लोकांनी किती जीव लावला होता.

सगळंच काळं-पांढरं करू नका मात्र. गोधडीचा मी एकदा केला. कुठलं लुगडं, कुठला सदरा, कुठला झब्ल्याचा तुकडा, हे सगळं रंगावरूनच ओळखू येत होतं. करड्यात नुसती टाक्यांची शेतं राहिली. वाईट नव्हता फोटो, पण ती आमची गोधडी नव्हती. आणि कॉन्ट्रास्ट ताणून, चारी कडा काळ्या करून जुनेपणाचा मसाला भुरभुरवणं मला तरी आवडत नाही. फुटपाथवरच्या नव्या कोऱ्या बादलीलाही तो लागतो.

विळीचं राहिलंच. मागच्या रविवारी स्वयंपाकघराच्या दारात आडवा पडून मी तिचे फोटो काढत होतो, तेवढ्यात आईनं ती मागून घेतली, भेंडी चिरायची होती. दहा मिनिटांनी परत मिळाली तेव्हा पात्याला भेंडीचा चिकट रस लागला होता आणि दारातून येणारा उजेड त्या कोरीवर धाग्यासारखा अडकला होता. न पुसता काढला. आतापर्यंतचा सगळ्यात बरा फोटो तोच.